गाडीच्या छताचं पोट सुटलंय, पावसाच्या आत काही होईल का?

आत्याबाईची_मालकीण (मिरज), ९ मे

नमस्कार मंडळी. आमची गाडी २०११ ची ट्रॅव्हलर, ३३५० मिमी व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर). जुनी घेतली, सीटा काढल्या आणि २०२० च्या दिवाळीनंतर मागे पलंग, ओटा, सिंक असा संसार मांडला. तिचं नाव आत्याबाई. आंबा घाट चढताना कुरकुरते, पण कुठं निघालो की तिला यायचंच असतं.

तर आत्याबाईंच्या छताचं पोट सुटलंय. वर बिस्किट रंगाचं मखमली कापड आहे, त्याच्या मागे पातळ फोम. मागच्या उन्हाळ्यात ते दिव्याजवळ वीतभर सुटलं, तेव्हा मी काणाडोळा केला. आता पलंगावर इतकं लोंबतं की ह्यांनी उशीवरून मान उचलली की टक्कल कापडाला टेकतं. शिवाय पिवळी भुकटी पडते. परवा गुहागरला सकाळी चहातच पडली. हे म्हणाले, "हळद घातलीस का गं?"

भिंतींची तऱ्हा वेगळी. खिडक्यांखाली प्लायवर क्रीम रंगाचं रेक्झिन आहे, डायमंड शिलाईचं. डाव्या बाजूला ते फुगलंय, दाबलं की पचपच करतं आणि खालच्या कडेला काळे ठिपके आलेत. ओट्याच्या मागे मी हौसेनं विटांच्या नक्षीचं फोमचं स्टिकर लावलं होतं, त्याचे कोपरे शेगडीच्या बाजूनं वळलेत.

आतापर्यंतचे उद्योग: व्हिडिओ बघून सिरिंजनं कापडाच्या मागे चिकटवायचं सोल्यूशन सोडलं. दोन दिवस राहिलं, तिसऱ्या दिवशी उन्हात पुन्हा खाली, आणि चार तपकिरी डाग कायमचे पदरात. मग ह्यांनी स्टेपलर मारला. छत आता गोधडीसारखं दिसतं.

मिरजेत सतारीची जवारी काढून देणारे पायलीला पन्नास मिळतील, गाडीच्या छताला हात लावणारा मिळेना. जो तो म्हणतो, गाडी आठ दिवस सोडा, आतलं सामान काढून आणा. सामान म्हणजे ओटा आणि पलंग, ते काय पिशवीत भरून न्यायचं? जुन्या कापडावरच नवं चिकटवलं तर चालेल का? आणि आम्ही दोघं घरच्या घरी करू शकू का? ह्यांचं वय ६३, माझं ५८, दोघांचे खांदे अजून शाबूत आहेत.

---

कुशनवाला_उद्यमनगर (कोल्हापूर), १० मे

ताई, पहिलं म्हणजे ती सिरिंज खाली ठेवा. आणि साहेबांच्या हातातला स्टेपलर काढून घ्या.

बावीस वर्षं हेच काम करतोय, वडिलांच्या हाताखाली शिकलो. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, कापड सुटलं. कापडाला काय बी झालेलं नसतं. मेलेला असतो त्याच्या मागचा फोम. ऊन आणि दमट हवा, दोन्हीच्या माऱ्यात हा फोम आतून तुटत जातो. तुमची गाडी मिरजेच्या उन्हात उभी राहते आणि कोकणात जाऊन दमट हवा खाते, म्हणजे दोन्हीकडनं मार. शेवटी फोम खारीच्या चुऱ्यागत होतो. तुमच्या चहात पडला तो हाच चुरा.

सोल्यूशन कशाला तरी धरतं. तुम्ही ते चुऱ्याला लावलं, चुरा कापडाला चिकटला, आणि चुऱ्यासकट कापड खाली आलं. जुन्यावर नवं लावलं तरी हेच होणार, उलट वजन दुप्पट. खात्री करायची असली तर अजून चिकटलेल्या जागी तळहात टेकवा आणि कापड बाजूला सरकवून बघा. खाली वाळूवरून सरकल्यागत वाटलं तर तिथला फोम पण गेलाय, फक्त अजून पडला नाही.

आता मला तीन गोष्टी सांगा. कापड कशावर चिकटवलंय, पत्र्यावर, प्लायवर की हार्डबोर्डवर? छतावर कॅरिअर आहे का? आणि जुने डाग चहाच्या डागागत कडेला गडद, मधे फिके असे आहेत का? रेक्झिन पचपच करतंय म्हणालात, ते मला आवडलं नाही. पाणी कुठनं तरी येतंय. ते सापडल्याशिवाय नवं कापड लावू नका, पैसे पाण्यात जातील. खरोखरच्या पाण्यात.

---

सह्याद्री_चाकांवर (ठाणे), १० मे

काकू, एवढा खटाटोप कशाला? घरात लावतात ती पीव्हीसी पॅनल लावून टाका. धुता येतात, भुकटी नाही, डाग नाहीत. माझ्या मित्रानं लावलीत, मस्त दिसतात.

---

कुशनवाला_उद्यमनगर, १० मे

भावा, मित्राला विचार गाडी किती चाललीय. घर हलत नाही. गाडीत ती पॅनलं एकमेकांच्या खाचेत दिवसभर करकरतात. उन्हात पत्र्याचं छत हात लावू देत नाही, तिथं पीव्हीसी लांबीला वाढतं आणि मधे कमानीगत वाकतं, गार झालं की सांधा उघडा पडतो. शिवाय ट्रॅव्हलरचं छत कडेला गोल आहे, पॅनल सरळ. कापड आवाज पण खातं, पत्र्यावर पाऊस पडायला लागला की कळेल. धुवायचं असेल तर ओट्याच्या वरचा तुकडा रेक्झिनचा करा, बाकी कापडच बरं.

---

आत्याबाईची_मालकीण, १० मे

दादा, तुम्ही ज्योतिषी आहात का? कापड प्लायवर आहे. प्लायचे तीन तुकडे छताच्या आडव्या फासळ्यांना स्क्रूनं मारलेत. कॅरिअर आहे, आधीच्या मालकानं बसवलेलं, आठ बोल्टांवर. आणि डाग हुबेहूब चहाच्या डागासारखे. मला वाटत होतं ते माझ्या सिरिंजचे.

सह्याद्री, काकू चालेल, पण करकर करणारं आमच्या गाडीत आधीच एक माणूस आहे.

---

कुशनवाला_उद्यमनगर, ११ मे

प्लाय स्क्रूवर आहे म्हणजे देव पावला. पत्र्याला थेट चिकटवलेलं असतं तर डोक्यावर हात करून आठवडा गेला असता. तुम्ही तिन्ही तुकडे उतरवा आणि अंगणात टेबलावर घेऊन काम करा. ओटा, पलंग काही काढायला नको.

उतरवायच्या आधी प्रत्येक तुकड्याच्या मागे खडूनं पुढचा, मधला, मागचा लिहा आणि इंजिनाकडं बाण काढा. दिव्याच्या वायरी ओढू नका, बॅटरीची निगेटिव्ह काढून मगच जोड सोडवा. तोंडाला मास्क, डोळ्याला चष्मा. तो चुरा डोळ्यात गेला की संध्याकाळपर्यंत साहेबांना शिव्या घालाल.

कापड ओढून टाका. प्लायवर राहिलेला फोम नायलॉनच्या ब्रशनं घासा, मग ८० नंबरचा पॉलिश पेपर हलका फिरवा. हात फिरवला तर पावडर लागता कामा नये. सगळं काम इथंच आहे, चिकटवणं एका दुपारचं आहे. प्लायचे पापुद्रे सुटले असतील तर तो तुकडा टाकून द्या, आयएस ७१० मार्काचा, पाण्यात टिकणारा मरीन प्लाय घ्या ४ मिमीचा, आणि कापलेल्या कडांना दोन हात वॉर्निश पाजा. पाणी प्लायच्या तोंडातनं आत जातं, पाठीतनं नाही.

कापड घेताना फोम चिकटवलेलं रूफ लायनिंगच मागा, ३ मिमी फोमचं. सोफ्याचं कापड नको, ते वळणावर ताणत नाही. पन्हा बहुतेक ५४ इंच मिळेल. तुमची गाडी आतून मोजून सांगा.

---

आत्याबाईची_मालकीण, ११ मे

मागचा भाग ११ फूट लांब, वरून साडेपाच फूट रुंद.

---

कुशनवाला_उद्यमनगर, ११ मे

मग तीन तुकडे साधारण ४४ इंचाचे. पन्हा गाडीच्या लांबीकडं धरायचा: ४४ अधिक दोन्हीकडं दोन-दोन इंच मुडपायला, म्हणजे ४८. चोपन्नात आरामात बसतं. रुंदीला ६६ अधिक सहा इंच. तीन तुकड्यांना साडेपाच मीटर, सहा घ्या. उरलेलं जपून ठेवा, पुढं ठिगळाला तोच लॉट मिळत नाही.

मखमलीला लव असते. हात एकीकडनं फिरवला तर उजळ, उलटा फिरवला तर गडद. तिन्ही तुकड्यांची लव एकाच बाजूला पाहिजे. कापायच्या आधी प्रत्येकाच्या फोमवर पेनानं बाण काढा. मी हे तीनदा सांगतो तरी लोक चुकतात.

सोल्यूशन डब्यावर हीट रेझिस्टंट लिहिलेलं घ्या. साधं सोल्यूशन साठ-सत्तर अंशाला मऊ पडतं आणि उन्हातलं छत तेवढं सहज तापतं. तिसऱ्या दिवशी कापड का उतरलं ते आलं ना ध्यानात? प्लायला पण लावायचं आणि फोमला पण, पातळ आणि एकसारखं. जाड लावलं तर फोम पितो आणि वरून डाग दिसतो. मग थांबायचं. बोट टेकवलं तर चिकट लागलं पाहिजे पण तार सुटता कामा नये, साधारण दहा-पंधरा मिनिटं. लोकांना इथंच दम निघत नाही. ओलं असताना दाबलं की सोल्यूशनची वाफ आतच कोंडते आणि पुढं फुगे धरतात.

चिकटवताना अर्धं कापड पलटून ठेवा, अर्ध्यावर काम करा, मधून कडेकडं तळहातानं बसवत जा. रोलर दाबून फिरवू नका, फोम चेपला की चेपला. दिव्याचं भोक सगळ्यात शेवटी, मधे फुलीसारखं कापून पाकळ्या मागं वळवायच्या.

काम सकाळी करा, सावलीत. भर दुपारी सोल्यूशन लावता लावता वाळतं. पाऊस सुरू झाल्यावर तर करूच नका. सोल्यूशनमधलं द्रावक उडताना पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं, पांढरट साय येते आणि पकड बसत नाही. जून लागायच्या आत उरका. आणि हे सोल्यूशन आगीला फार वाईट, गाडीत बसून करायचं नाही, जवळपास शेगडी, उदबत्ती, विडी काही नको.

---

लीड्सचा_जोशीबुवा (इंग्लंड), १२ मे

कुशनवाल्या दादांच्या पुढे बोलायची माझी लायकी नाही, पण एक राहिलं. सगळं पाणी वरूनच येतं असं नाही. माझी फोर्डची जुनी ट्रान्झिट व्हॅन आहे. पहिल्या हिवाळ्यात मी भिंतींना चारी बाजूंनी ताणणारं कार्पेट थेट पत्र्यावर चिकटवलं. इथे बहुतेक जण तेच करतात, वळणावर कापड फार छान बसतं. मार्चमध्ये एक कोपरा उचलला तर मागे काळी बुरशी. गाडीला एकही भोक नव्हतं. दोन माणसं रात्रभर श्वासातून अर्धा लिटर किंवा जास्तच पाणी बाहेर टाकतात, वर सकाळचा चहा आणि भात. ती वाफ गार पत्र्याला लागून पाणी होते आणि भिंतीवरून खाली उतरते. तुमचे ठिपके खालच्या कडेलाच आहेत, हे लक्षात घ्या.

प्लाय उतरवलाच आहे तर फासळ्यांच्या मधल्या पत्र्याला काळी नायट्राइल शीट चिकटवा, एसीच्या डक्टला लावतात ती. तिच्यात बंद पेशी असतात, पाणी पीत नाही. काचलोकर भरू नका, ती ओली झाली की सुकत नाही. आणि रात्री एक काच बोटभर उघडी ठेवा, थंडी असली तरी. माझी आई इथे आली की ती काच लावून घेते, मी उठून पुन्हा उघडतो, असं आमचं रात्रभर चालतं.

दुसरं, ओट्यामागचं ते विटांचं स्टिकर आजच काढा. तो पॉलिइथिलीनचा फोम आहे, शेगडीजवळ वितळतो आणि पेटतो. गाडीच्या आतल्या साहित्याला जळण्याच्या वेगाची मर्यादा असते. अमेरिकेच्या एफएमव्हीएसएस ३०२ नियमात ती मिनिटाला १०२ मिलिमीटर आहे, भारतातही त्यासाठी आयएस १५०६१ आहे. घरसजावटीच्या स्टिकरला असलं काही लागू नसतं. तिथे स्टेनलेस स्टीलचा पत्रा लावा, मागे थोडी हवा खेळती ठेवून. नवं छताचं कापड घेतानाही बोटभर पट्टी मागून घ्या आणि घराबाहेर, चिमट्यात धरून, पाण्याची बादली शेजारी ठेवून काडी लावून पाहा. भडकून थेंब गळायला लागले तर ते कापड दुकानातच राहू द्या.

---

आत्याबाईची_मालकीण, १८ मे

स्टिकर काढलं. मागचा प्लाय तांबूस पडलाय, म्हणजे आम्ही नशिबानं वाचलो.

काल छत उतरवलं. दोन तास लागले, त्यातला एक तास ह्यांचे स्टेपल काढण्यात गेला. १४७ निघाले. मोजून वाटीत ठेवलेत आणि वाटी जेवणाच्या टेबलावर.

पाण्याचा शोध लागला. मी आत टॉर्च घेऊन, हे बाहेर नळी घेऊन. शेजारच्या मेकॅनिकनं सांगितलं की खालून सुरुवात करा, एकेका जागी पाच मिनिटं, मग वर सरका. आधीच छतावर पाणी सोडलं तर ते कुठूनही वाहत येतं आणि भोक कळत नाही. खिडक्यांचं रबर कोरडं निघालं. कॅरिअरला पाणी लागलं आणि डाव्या बाजूच्या दुसऱ्या बोल्टमधून थेंब आला. आठपैकी तीन बोल्ट गळके. कुणीतरी वरून सिलिकॉन फासलं होतं, ते रबरासारखं अख्खं निघून हातात आलं. डाव्या भिंतीचं पाणी इथलंच. फासळीतून उतरून रेक्झिनच्या मागे जात होतं.

आणि जोशीबुवा, तुमचंही बरोबर. उजवीकडे एकही बोल्ट गळत नाही, तरी पलंगाशेजारी रेक्झिनच्या मागे बुरशी आहेच. आम्ही झोपतो ती बाजू.

गंज कसा काढू? बोल्टांभोवती रुपयाएवढी वर्तुळं आहेत.

---

कुशनवाला_उद्यमनगर, १८ मे

१४७! साहेबांना माझ्याकडं कामाला पाठवा.

ताई, बोट टेकवून दाबा, पत्रा आत जात नसेल तर वाचलात. वायर ब्रशनं चकचकीत होईस्तोवर घासा, रस्ट कन्व्हर्टर (गंज मारायचं औषध) लावा, वाळलं की इपॉक्सी प्रायमर. बोल्ट नवे, स्टेनलेस, खाली रबरी वॉशर, आणि पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट भोकात आणि वॉशरखाली. सिलिकॉन पुन्हा नको. त्यावर रंग धरत नाही आणि एकदा फासलं की पुढं दुसरं काही चिकटत नाही. सगळं पुसून, घासून काढा. खरं तर कॅरिअर वापरत नसाल तर काढूनच टाका आणि भोकं बुजवा.

रेक्झिन बदलायचं तर साधं घ्या, डायमंड शिलाई नको. दिसायला भारी, पण शिलाई म्हणजे सुईची हजार भोकं. वाफ त्यातनं आत जाते, मागचा फोम पितो आणि बाहेर सोडत नाही. जुनं रेक्झिन बोटात वळवलं तर तडकतंय का? मग त्यातला मऊपणाच उडून गेलाय, पॉलिश लावून परत येत नाही.

---

आत्याबाईची_मालकीण, २ जून

झालं! कॅरिअर काढलं (ह्यांची सायकल त्यावर जायची, आता मागे लावू). भोकं बुजवली. पत्र्याला १३ मिमीची नायट्राइल शीट. डाव्या भिंतीचा खालचा प्लाय बदलला, उजवा सुकवून घासून वाचवला. भिंतींना साधं राखाडी रेक्झिन. छताला तेच बिस्किट रंगाचं कापड, सहा मीटर, ४२० रुपये मीटरनं. काडी लावून पाहिली, काळं पडून विझलं. दुकानदार मात्र मी वेडी असल्यासारखा बघत होता.

पहिला तुकडा चिकटवायला आम्हाला पावणेदोन तास लागले, तिसरा पस्तीस मिनिटांत. पहिल्यात कडेला दोन सुरकुत्या आहेत, त्या फ्रिजच्या वर येतील अशा बसवल्या.

आता कबुली. फोमवर बाण काढले होते. तिन्ही तुकड्यांवर. मग मधला तुकडा टेबलावर घेताना ह्यांनी तो ताटासारखा गर्रकन फिरवला, मी प्लायवरचा खडूचा बाण बघितला आणि फोमवरचा बघितलाच नाही. वर चढवल्यावर दिसलं. पुढचा आणि मागचा उजळ, मधला एक छटा गडद. दारातून बघितलं की स्पष्ट दिसतं. दादा, काढून पुन्हा करू का?

---

कुशनवाला_उद्यमनगर, २ जून

तीनदा सांगितलं होतं. पण काढू नका. आता काढलं तर फोम फाटून प्लायवर राहणार आणि सगळं पहिल्यापासून. रात्री दिवा लावून बघा आणि सांगा.

---

आत्याबाईची_मालकीण, १३ जून

परवा पहिला मोठा पाऊस झाला. आम्ही मुद्दाम अंगणात, गाडीतच झोपलो. काच बोटभर उघडी. पहाटे टॉर्च घेऊन सगळीकडे हात फिरवून पाहिला, कोरडं ठणठणीत. पत्र्यावरचा आवाजही निम्म्यावर आलाय.

दिव्यात तो मधला तुकडा दिसत नाही. दिवसा दिसतो. ह्यांनी त्याचं नाव "सभामंडप" ठेवलंय आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात की ही डिझाइन आहे. स्टेपलची वाटी त्यांनी टेबलावरून हलवलीय, कुठे ठेवली ते सांगत नाहीत.